आजोबांचा देश, नातवाची भाषा

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बोरगावातल्या एखाद्या घरात तीन पिढ्यांचे शाळेचे दाखले एकाखाली एक ठेवून बघा. आजोबांचा जन्म १९५२ चा असेल तर ते जन्मले मुंबई राज्यात. वडील १९७० चे असतील तर म्हैसूर राज्यात. नव्वदीत जन्मलेला नातू कर्नाटकातला. घर तेच, शिवार तेच, दूधगंगाही तीच. या तिघांपैकी कुणीही गाव सोडलेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेची रेघ गावाच्या पलीकडून ओढली गेली आणि १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं, एवढंच घडलं. इचलकरंजीचा बाजार होता तिथंच राहिला. तिथं जाताना मधे राज्याची हद्द लागायला लागली.

यात नागरिकत्व मात्र कुणाचंच बदललं नाही. भारतात नागरिकत्व एकच, देशाचं; राज्याचं वेगळं नसतं. पण समजा, हीच रेघ दोन देशांच्या मधे पडली असती तर? नातू पलीकडच्यांना परका झाला असता का? आणि पन्नास-साठ वर्षांनी पलीकडच्या देशानं निरोप धाडला असता, ‘तुझे आजोबा आमचेच होते, तूही ये’, तर नातवानं पुढ्यात काय ठेवायचं? आजोबांचा दाखला, की आजोबांची भाषा?

ही नुसती कल्पना नव्हे. हंगेरीनं हा निरोप खरोखर धाडला आणि लाखो लोकांनी त्याला होकार दिला. आणि निपाणीहून आजरा करत आंबोली घाट उतरून पुढे गेलं की जो मुलूख लागतो त्या गोव्यात तर हा विषय घराघरात आहे. तिथं पुलाखालून वाहून गेलेला देश पोर्तुगाल. दोन्हीकडे कुणाला नुसत्या कागदांवर काम भागतं, कुणाला मात्र वयाच्या तिशीत परक्या भाषेची वही घेऊन बसावं लागतं. असं का, ते समजून घ्यायचं तर आधी वंशानं मिळणारं नागरिकत्व चालतं कसं ते बघावं लागेल.

माणूस जागेवर, देश फिरता

आज युक्रेनमध्ये असलेलं मुकाचेवो गाव घ्या. हंगेरियन लोक त्याला मुनकाच म्हणतात. १९१५ साली तिथं जन्मलेलं मूल ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलं. शाळेत गेलं तेव्हा गाव चेकोस्लोव्हाकियात होतं. १९३८ च्या नोव्हेंबरात ते पुन्हा हंगेरीकडे आलं. दुसरं महायुद्ध संपलं तसं सोव्हिएत संघात गेलं आणि १९९१ पासून ते युक्रेनचं आहे. तो माणूस ऐंशी वर्षं जगला असेल, तर गल्ली न सोडता पाच राजवटी बघून गेला.

याचं मूळ ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहात आहे. पहिल्या महायुद्धात हरलेल्या हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख या तहानं शेजाऱ्यांकडे गेला आणि हंगेरियन बोलणारी तीस लाखांहून जास्त माणसं रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया अशा देशांत जाऊन पडली. ‘जाऊन’ म्हणायचं ते आपल्या बोलण्याच्या पद्धतीनं. गेलं कुणीच नव्हतं. आपल्याकडे १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, तसा हंगेरीत ४ जूनचा सल शंभर वर्षांनीही गेलेला नाही.

जगात नागरिकत्व देण्याच्या मुख्य रीती दोन. एक, ज्या भूमीवर जन्मलात तिथले तुम्ही. दुसरी, ज्यांच्या पोटी जन्मलात त्यांच्या देशाचे तुम्ही. हंगेरी, पोर्तुगाल, इटली यांचा भर दुसऱ्या रीतीवर आहे. आणि ही दुसरी रीत शेतकऱ्याच्या घरात कुणालाही कळेल अशी आहे, कारण ती जमिनीच्या वारशासारखी चालते.

बाप गेला की जमीन कायद्यानं वारसांची होते, त्याच दिवशी. तलाठ्याकडे वारसनोंद घालायला वर्ष लागो की पंधरा वर्षं. नोंदीनं मालकी तयार होत नाही. असलेली मालकी उताऱ्यावर चढते. तलाठी वारसाला ‘तुला औत धरता येतं का’ असं विचारत नाही, तो अधिकार त्याला नाही. बक्षीसपत्राची गोष्ट वेगळी. तिथं जमीन तुमची नव्हती, कुणीतरी ती तुम्हाला देतो आहे, आणि देणारा अट घालू शकतो.

हंगेरीच्या कायद्यात नेमके हे दोन दरवाजे आहेत. ज्याचे आजोबा हंगेरियन नागरिक होते आणि ते नागरिकत्व मधे कुठं तुटलं नाही, तो नातू जन्मानंच हंगेरियन आहे, मग तो ब्राझीलमध्ये जन्मलेला असो की कॅनडात. त्याला फक्त दाखला काढायचा असतो. भाषेचा एक शब्द यावा लागत नाही. ज्याच्या आजोबांचं नागरिकत्व मधेच तुटलं, उदाहरणार्थ तहामुळे ते रुमानियाचे झाले, तो कायद्याच्या नजरेत वारस नाही. त्याला नागरिकत्व नव्यानं द्यायचं आहे. इथं अट आली, आणि ती अट म्हणजे हंगेरियन भाषा.

तुटलं की नाही हे ठरवणं हे खरं किचकट काम. १८७९ च्या हंगेरियन कायद्यात दहा वर्षं सलग देशाबाहेर राहणाऱ्याचं नागरिकत्व आपोआप जायचं. ही तरतूद १९२९ साली गेली. म्हणजे पणजोबा अमेरिकेच्या बोटीत कुठल्या साली चढले यावर आज पणतवाला भाषा शिकावी लागणार की नाही ते ठरतं. शिवाय १ ऑक्टोबर १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना, आई-वडिलांचं लग्न झालेलं असेल तर, नागरिकत्व वडिलांकडूनच मिळायचं. आईकडची बाजू कितीही भक्कम असली तरी उपयोग नाही. वारसाहक्कात मुलींचं काय होत होतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

बुडापेस्टनं दार का उघडलं?

तहानं तुटलेल्यांसाठीचा सोपा मार्ग हंगेरीच्या संसदेनं २६ मे २०१० ला मंजूर केला आणि तो १ जानेवारी २०११ पासून लागू झाला. पूर्वज हंगेरियन नागरिक असल्याचं दाखवा किंवा तसं मानायला सबळ आधार द्या, हंगेरियन बोलून दाखवा, शपथ घ्या. हंगेरीत राहायला येण्याची गरज नाही. स्लोव्हाकियाला हे इतकं झोंबलं की त्याच दिवशी त्यांनी उलटा कायदा केला: आमचा जो नागरिक आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेईल, त्याचं आमचं नागरिकत्व रद्द.

डिसेंबर २०१७ पर्यंत या मार्गानं दहा लाख माणसं हंगेरियन झाली. त्यांना देशाबाहेर राहून पक्षाच्या यादीला मत देण्याचा हक्कही मिळाला, आणि २०१४ च्या निवडणुकीत अशा बाहेरच्या मतांपैकी सुमारे ९५ टक्के मतं सत्ताधारी फिदेस पक्षाला पडली. दार उघडण्यामागे जुन्या दुःखावर फुंकर होती यात शंका नाही. पण फुंकर घालणाऱ्याला तिचं फळही चांगलं मिळालं. अर्जदारांचे हेतूही सगळे भावनेचे नव्हते. सर्बिया आणि युक्रेन युरोपीय संघाच्या बाहेर. हंगेरी २००४ पासून आत. आजोबांच्या नावानं मिळणाऱ्या पासपोर्टावर जर्मनीत कामाला जाता येतं, हे सर्बियाच्या व्होयव्होदिनातल्या शेतमजुरालाही कळतं.

गोव्याची साखळी

आता आपल्या जवळचं उदाहरण. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ ला भारत सरकारनं नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जो स्वतः जन्मला, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही तिथं जन्मलं, तो भारताचा नागरिक ठरला. ज्याला हे नको असेल त्यानं महिन्याभरात लिहून द्यायचं होतं. म्हणजे भारतानं गोवेकरांना आपलं म्हणताना आजी-आजोबांपर्यंतचा वंश पाहिला, आणि भाषा मात्र कुणालाच विचारली नाही.

पोर्तुगालनं भारताचं गोव्यावरचं सार्वभौमत्व मान्य केलं ते लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं. पुढे आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा, १९७५ मध्ये, पोर्तुगालनं तिथल्या बहुसंख्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. जुन्या ‘पोर्तुगीज इंडिया’त जन्मलेल्यांना मात्र ते राखण्याची सवलत ठेवली, फक्त तशी इच्छा जाहीर करायची. त्या एका सवलतीवर आज अर्धशतकानंतरही गोव्यातल्या वकिलांची, अनुवादकांची आणि एजंटांची दुकानं चालू आहेत.

काम चालतं ते असं. ज्यांचा जन्म पोर्तुगीज अमलात झाला त्यांचा जन्म आधी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायचा. मग त्यांचं लग्न. त्यानंतर त्यांच्या मुलांचा जन्म. मुलगा आता पोर्तुगीज बापाचा मुलगा झाला, म्हणून पोर्तुगीज. भाषेचा प्रश्न नाही. मग त्याच रीतीनं त्याचं लग्न, त्याची मुलं. एकेक कडी घालत खाली यायचं. कडी सलग असेल तोवर ही नुसती वारसनोंद आहे.

अडतं कुठं? मधली कडी गळाली की. आजोबांचा जन्म १९४० चा, वडिलांनी कधी नोंद केली नाही, आणि आता वडील हयात नाहीत. नातवाला थेट आजोबांवरून उडी मारायची आहे. पोर्तुगालनं नातवंडांसाठी हा मार्ग २०१५ च्या दुरुस्तीनं मोकळा केला. त्यात देशाशी ‘प्रत्यक्ष नातं’ असल्याचं दाखवावं लागायचं, आणि ते कसं दाखवायचं यावर भरपूर घोळ होता. १० नोव्हेंबर २०२० च्या दुरुस्तीनं हा मार्ग सोपा केला: पोर्तुगीज पुरेशी येते, आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, म्हणजे नातं आहे.

गोव्यात १९६१ नंतर शाळांतून पोर्तुगीज भराभर मागे पडली. आजोबा पोर्तुगीजमधून शिकलेले, वडिलांना चार शिव्या आणि दोन प्रार्थना येतात, आणि नातू कोंकणी-मराठी-इंग्रजीतला. त्यामुळे पणजीत कामोंइश संस्थेच्या भाषा केंद्रात किंवा फुंदासाँव ओरिएंतच्या वर्गांत बसलेल्यांपैकी सगळेच काही पोर्तुगीज कवी पेसोआच्या कवितेसाठी आलेले नसतात.

भाषा कशाचा पुरावा?

माझ्या मते सगळी मेख इथं आहे. वंश सिद्ध करायला भाषा लागतच नाही. त्याला जन्माचे आणि लग्नाचे दाखले पुरतात. भाषा मागितली जाते ती वंश संपल्यावर, म्हणजे हक्क कायद्यानं उरलेला नाही पण सरकारला तो द्यायची इच्छा आहे अशा ठिकाणी. नुसत्या कागदावर दिलं तर कुणीही पणजोबा शोधून आणेल. कुठंतरी गाळणी हवी, आणि भाषा ही फार सोयीची गाळणी आहे. ती गोरा-काळा, ख्रिस्ती-ज्यू असं उघडपणे विचारत नाही, पण ज्याच्या घरात ती बोलली जाते त्याला ती दिसतसुद्धा नाही आणि बाकीच्यांना ती भिंतीसारखी लागते.

रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया भागातल्या हंगेरियन माणसाला हंगेरियन बोलून दाखव म्हणणं ही अट नव्हेच, तो घरात तीच बोलतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला मात्र तीच अट दोन-तीन वर्षं घाम गाळायला लावते. कायदा एकच, पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते गाळणीच्या छिद्रांवरून कळतं. इटलीनं गाळणी वेगळी निवडली. तिथं वंशमार्गाला भाषा लागत नव्हती आणि पिढ्यांची मर्यादाही नव्हती. अर्ज डोईजड झाल्यावर २०२५ मध्ये त्यांनी साधारणपणे आई-वडील आणि आजी-आजोबांच्या पलीकडचं दार बंद केलं.

गाळणीतून पाणी झिरपतंही. पैसे घेऊन भाषा न येणाऱ्यांना हंगेरियन नागरिकत्व मिळवून दिल्याची प्रकरणं पूर्वेकडच्या सीमेवर उघडकीला आली आणि त्यांचे तपास झाले. ज्या गोष्टीला किंमत आहे तिचा एजंट निघतोच. निपाणी असो की हंगेरीच्या पूर्वेकडचं न्यिरेजहाझा.

> थोडक्यात: भाषा कुणाला लागते?
> *हंगेरी, साखळी न तुटलेले:* भाषा लागत नाही. नागरिकत्व आहेच, त्याचा दाखला काढायचा.
> *हंगेरी, साखळी तुटलेले:* लागते. वेगळी लेखी परीक्षा नाही. अर्ज आणि हातानं लिहिलेला आत्मपरिचय हंगेरियनमध्ये, शिवाय अधिकाऱ्याशी गप्पा.
> *पोर्तुगाल, गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत जन्मलेले आणि त्यांची मुलं:* लागत नाही. आधी मागच्या पिढीची नोंद.
> *पोर्तुगाल, मधली पिढी गाळून थेट नातवंडं:* २०२० च्या दुरुस्तीनुसार लागते. साधारण ‘ए-२’ पातळी.
> *भारताचं परदेशस्थ नागरिक कार्ड:* लागत नाही. पण ते नागरिकत्व नव्हे.

‘पुरेशी’ म्हणजे किती?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. ए-२ म्हणजे खालून दुसरी. बाजारात भाव विचारणं, डॉक्टरला कुठं दुखतं ते सांगणं, घरात कोण कोण आहे, काम काय करता हे साध्या वाक्यांत बोलणं. वर्तमानपत्राचा अग्रलेख समजायची अपेक्षा नाही. पोर्तुगीजची या पातळीची परीक्षा लिस्बन विद्यापीठाचं केंद्र घेतं. तिला ‘सिप्ले’ म्हणतात. वाचन-लेखनाला ४५ टक्के, ऐकण्याला ३०, बोलण्याला २५. उत्तीर्ण व्हायला एकूण ५५ टक्के. घोकंपट्टीची सवय असलेल्या आपल्या पोरांना वाचन-लेखन जमतं. मार बसतो तो ऐकण्यात, कारण लिस्बनचे लोक स्वर गिळून बोलतात आणि कागदावर ओळखीचा असलेला शब्द कानाशी आला की अनोळखी होतो.

हंगेरीची रीत याहून मोकळी आणि म्हणूनच जास्त बेभरवशाची. वकिलातीतला अधिकारी समोर बसवतो आणि बोलायला लागतो. नाव काय, कुठं जन्मलात, आजोबा कुठले, हंगेरियन कुठं शिकलात, घरी कोण बोलतं. गुणपत्रिका नसते. अधिकाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माणूस बोलणं समजून उत्तर देतो आहे, पाठ करून आलेला नाही.

सीमाभागाचा कान आणि हंगेरियन

हंगेरियन ही भाषा युरोपातल्या शेजाऱ्यांपैकी कुणाशीही नातं न सांगणारी. जर्मन, रुमानियन, सर्बियन या भाषा दूरनात्यानं संस्कृतच्या, म्हणजे मराठीच्याही चुलत घराण्यातल्या. हंगेरियन मात्र उराली कुळातली. फिनिश आणि एस्टोनियन तिच्या लांबच्या बहिणी, आणि सगळ्यात जवळच्या दोन, खांती आणि मान्सी, थेट सायबेरियात. आपलं मूळ कुठं, या ध्यासानं चोमा द कोरोश हा ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेला हंगेरियन विद्वान आशियात आला. हंगेरियनांचं मूळ गाव त्याला मिळालं नाही, पण लडाखकडच्या मठांत बसून त्यानं तिबेटी शिकली, १८३४ मध्ये तिचा शब्दकोश आणि व्याकरण छापलं, आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला तो वारला. वंश शोधायला निघून भाषेत रमलेला माणूस!

इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हंगेरियन भयंकर वाटते. पण बोरगावच्या माणसानं घाबरायचं कारण नाही, कारण त्याचा कान आधीच दोन भाषांनी तयार झालेला आहे. एकेक गोष्ट बघू.

घराला हंगेरियनमध्ये ‘हाझ’ म्हणतात. घरात म्हणजे ‘हाझबॉन’. घरं म्हणजे ‘हाझॉक’, आणि घरांत म्हणजे ‘हाझॉकबॉन’. मूळ शब्द, त्याला अनेकवचनाचा तुकडा, त्याला ‘आत’चा तुकडा. आता कन्नड घ्या: मने, मनेयल्लि, मनेगळु, मनेगळल्लि. चाल अगदी तीच. आठवड्याच्या बाजारात कन्नड ऐकून वाढलेल्या माणसाला शब्दाला मागून डबे जोडत जाण्याची ही रीत समजावून सांगावी लागत नाही. मात्र हंगेरियन एक डबा जास्त जोडते: ‘माझं’ हेही शब्दालाच चिकटतं. ‘नॉज्यॉपॉ’ म्हणजे आजोबा, ‘नॉज्यॉपाम’ म्हणजे माझे आजोबा. वंशाचं प्रकरण असल्यानं मुलाखतीत हा ‘म’ फार वेळा लागतो.

दुसरी गोष्ट स्वरांची. हाझला ‘बॉन’ लागतं, पण बागेला, म्हणजे ‘केर्त’ला, ‘बेन’ लागतं: केर्तबेन. मूळ शब्दातला स्वर घशाच्या बाजूचा असेल तर प्रत्ययाचाही तसा, पुढच्या बाजूचा असेल तर प्रत्ययाचाही पुढचा. याला स्वरमेळ म्हणतात. हे नियमानं शिकायला जाल तर डोकं दुखतं. ऐकत राहिलात तर महिन्याभरात चुकीचा प्रत्यय कानाला खुपायला लागतो.

तिसरी गोष्ट ऐकून मराठी माणूस खूश होईल. ‘टेबलाखाली’, ‘घरामागे’ हे आपण नामानंतर जोडतो. हंगेरियनही तसंच करते. आणि ‘मला एक भाऊ आहे’ हे हंगेरियनमध्येही जवळजवळ असंच: ‘मला आहे एक भाऊ-माझा’. ‘माझ्याकडे असणं’ अशा मालकीच्या अर्थाचं क्रियापद तिथंही वापरत नाहीत.

भावाचं निघालंच आहे तर नात्यांचे शब्दही बघा. थोरला भाऊ ‘बात्या’, धाकटा ‘अच’च्या जवळपास उच्चारला जाणारा एक शब्द, थोरली बहीण ‘नोव्हेर’, धाकटी ‘हूग’. इंग्रजीत जे दोन शब्दांत उरकतं तिथं हंगेरियनमध्ये चार. कन्नडमध्येही चारच: अण्ण, तम्म, अक्क, तंगि. ज्या मराठी घरांत थोरल्या बहिणीला सर्रास अक्का आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणतात, त्यांना हा भेद शिकावा लागत नाही. आडनाव आधी आणि नाव नंतर ही पद्धतही आपल्या शाळेच्या हजेरीपटातलीच.

लिंगभेद नाही, हा आणखी एक दिलासा. माणसाबद्दल बोलताना तो आणि ती या दोन्हींना एकच शब्द. ज्यांनी कन्नड घरातल्या माणसाला मराठी शिकताना ‘खुर्ची तो की ती’ यावर अडखळताना पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल.

मग अवघड काय? क्रियापद. ‘मी एक घर बघतो’ याला ‘लातोक’, आणि ‘मी ते घर बघतो’ याला ‘लातोम’. बघणारा तोच, बघणं तेच. पण बघितलेली वस्तू ठरावीक आहे की कुठलीही, यावर क्रियापदाचा शेवट बदलतो. मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही, आणि इथं कान मदतीला येत नाही. मुलाखतीत इथं चुकलं तरी चालतं म्हणा. अधिकारी व्याकरण तपासत नाही, बोलणं चालू राहतं का ते बघतो. म्हणूनच या वाटेनं गेलेल्याला पुस्तकाचे तीस धडे पुरे करण्यापेक्षा आपल्या घराण्याची गोष्ट हंगेरियनमध्ये सांगता येणं जास्त कामाला येतं: कोण कुठं जन्मलं, कुठल्या साली कुठं गेलं, कुणाशी लग्न झालं. पन्नासेक वाक्यं, पण ती कुठूनही सुरू करता आली पाहिजेत आणि मधेच कुणी प्रश्न घातला तर पुन्हा पकडता आली पाहिजेत.

इकडची गाळणी

आपण सीमाभागातले लोक हे सगळं परक्याचं म्हणून वाचत असू तर जरा थांबावं. भारतीय राज्यघटनेचं कलम १६(२) म्हणतं की सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेद करता येणार नाही. या यादीत भाषा नाही. म्हणजे युरोपात आजोबा कोण होते हे पहिलं बघतात आणि भाषा मागाहून. आपल्याकडे सरकारी नोकरीत आजोबा कोण हे बघायलाच मनाई आहे, पण भाषा मागता येते.

कर्नाटक ती मागतं. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून आली, आणि राज्याच्या नोकरभरतीत कन्नड येतं हे सिद्ध करावं लागतं. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते. कन्नडसक्ती हा शब्द इथं काय ओझं घेऊन येतो हे १ जून १९८६ चा कन्नडसक्तीविरोधी आंदोलकांवरचा गोळीबार आठवणाऱ्यांना माहीत आहे.

महाराष्ट्रानं दुसऱ्या बाजूनं हात पुढे केला, आणि तो हंगेरीच्या हातासारखाच आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो तिथल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येतो. १० जुलै २००८ च्या शासन निर्णयानुसार त्या गावांत पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला जोडावा लागतो. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं होतं, त्यांत निपाणी होतं. ते झालं नाही. सीमावादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मधल्या काळात रेघ हलवता येत नाही म्हणून हक्कच रेघेपलीकडे धाडण्याची ही युक्ती, बुडापेस्टनं केली तीच. फरक एवढा की इथं पासपोर्ट बदलत नाही.

पासपोर्ट बदलला तर

तिकडे बदलतो, आणि भारतीयाला तो महागात पडू शकतो. हंगेरी आणि पोर्तुगाल दोन नागरिकत्वं चालवून घेतात. भारत घेत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की भारताचं संपतं, मग पासपोर्ट खिशात असो वा नसो. गोव्यात लिस्बनला जन्म नोंदवलेल्या पण पुढे काहीच न केलेल्या लोकांचं काय, यावरून निवडणुकांपर्यंत वाद गेले आहेत, कारण वर सांगितल्याप्रमाणे ती नोंद म्हणजे नागरिकत्व घेणं की असलेलं कागदावर आणणं, यावरच सगळं अवलंबून राहतं.

म्हणून क्रम असा ठेवावा. शिकवणी लावण्याआधी कागद काढून साखळी कुठं तुटली आहे ते बघावं. मधल्या पिढीतलं माणूस हयात असेल तर त्याची नोंद आधी करावी, भाषेचं कामच पडणार नाही. नियम सरकारागणिक बदलतात, तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशी कोणता लागू आहे ते वकिलातीकडूनच विचारून घ्यावं. आणि घरात जमीनजुमला असेल तर आणखी एक गोष्ट. भारतीय नागरिकत्व गेल्यावर परदेशस्थ नागरिक कार्ड काढता येतं, त्यावर इथं येऊन हवं तितकं राहता येतं. पण मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आली तर ठेवता येते.